वर्गणी गावाची, शाळा कुणाची?

लोकसहभाग हा शब्द गेल्या तीस वर्षांत शिक्षण खात्याच्या कागदांत इतका रुळला आहे, की वाचताना त्यावर डोळाही थांबत नाही. शाळेला रंग द्यायचा असो, संगणक घ्यायचा असो की कुंपण घालायचे असो, शेवटी एक ओळ ठरलेली असते: यासाठी लोकसहभाग मिळवावा. ती ओळ वाचून कुणालाही वाटेल, की गाव आजवर शाळेपासून दूर उभे होते आणि आता त्याला हाताला धरून जवळ आणायचे आहे.

जुने कागद चाळताना मात्र वेगळेच चित्र दिसते. मराठी मुलखातल्या गावांनी शाळेसाठी हात आखडता घेतला, असे दोनशे वर्षांत क्वचितच घडले. त्यांनी पंतोजीला शिधा दिला, मास्तरचा अर्धा पगार दिला, साऱ्यावर सेस भरला, जागा दिली, दगडमाती वाहिली. प्रश्न देण्याचा कधी नव्हताच. देणाऱ्याला विचारले किती वेळा, हा पहिला प्रश्न. आणि 'गाव' म्हणून ज्याला विचारले, तो गावातला नेमका कोण होता, हा दुसरा. या लेखात मी या दोन प्रश्नांचा माग घेतला आहे.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी ग्रंथालयांत बसून आणि खेड्यांतल्या शाळांची जुनी दप्तरे उलटून जे वाचता आले, त्याच्या आधारावर हे लिहीत आहे.

पंतोजीची शाळा

१८१८ मध्ये पेशवाई गेली. नव्या सरकारला या मुलखात शिक्षणाची सोय काय आहे हे ठाऊक नव्हते. एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर असताना, १८२० च्या दशकात, जिल्ह्याजिल्ह्यांच्या कलेक्टरांकडून गावशाळांची माहिती मागवण्यात आली. त्या अहवालांचे कागद पुढे रा. वि. परुळेकर यांनी कष्टाने संपादून प्रसिद्ध केले. महाराष्ट्राच्या शिक्षणाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या प्रत्येकावर त्यांचे ऋण आहे.

या कागदांतून दिसणारी शाळा अगदी साधी आहे. कुणाची ओसरी, एखादे देऊळ किंवा पंतोजीचे स्वतःचे घर, एवढीच जागा. छापील पुस्तक नाही. धूळपाटीवर अक्षर गिरवायचे, मोडी वाचायला-लिहायला शिकायचे, आणि पाढे घोकायचे: पावकी, निमकी, सवायकी, दिडकी. सरकारी तिजोरीतून पैसा येत नसे. मुलांचे पालक पंतोजीला थोडे नाणे आणि थोडे धान्य देत, सणासुदीला शिधा देत. शिकवणे पटले नाही तर मुलाला काढून घेत.

म्हणजे देणाऱ्याच्या हाती थोडा तरी अधिकार होता. आज ज्याला आपण शिक्षकाचे उत्तरदायित्व म्हणतो, ते पंतोजीला गावाकडेच होते. पण म्हणून त्या शाळेला गावाची शाळा म्हणण्याचा मोह आवरला पाहिजे. हिशेब आणि लिहिणे ज्यांच्या धंद्याला लागे, त्यांचीच मुले मुख्यतः तिथे दिसतात. मुली जवळपास नाहीतच. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना ओसरीची पायरीही बंद होती. शाळा लोकांनी चालवलेली होती, पण ते लोक थोडे होते. पुढच्या दोनशे वर्षांची गुंतागुंत या एका वाक्यात आहे.

अर्धा पगार सरकारचा, अर्धा गावाचा

सरकारने गावशाळांत पैसा घालायला सुरुवात केली तेव्हा तो पूर्ण घातला नाही. १८५० च्या दशकात मुंबई इलाख्यात एक पद्धत रूढ झाली. गावाने शाळेला जागा द्यावी, मास्तरच्या पगाराचा अर्धा वाटा वर्गणीने उभा करावा, मग उरलेला अर्धा सरकार देईल. १८५४ चा वुडचा खलिता आला, १८५५ मध्ये शिक्षण खाते उभे राहिले, तरी खेड्यांसाठी काही काळ हाच मार्ग होता.

कागदावर ही पद्धत सुरेख आहे. ज्याला हवी त्याने अर्धे द्यावे, म्हणजे शाळेबद्दल आस्था टिकेल, हा त्यामागचा विचार. आजच्या कित्येक योजनांत तोच विचार नव्या कपड्यांत भेटतो. प्रत्यक्षात काय झाले? खात्याचे अधिकारी गावोगाव हिंडून वर्गणी गोळा करू लागले. साहेब चावडीवर येऊन बसल्यावर पाटील-कुलकर्णी नाही कसे म्हणणार? ते होकार देत, आणि आकडा घरोघर वाटला जाई. ज्याच्या घरातून एकही मूल शाळेत जात नव्हते, त्याच्याही वाट्याला तो येई. साहेबाची पाठ फिरली की वर्गणी थकायची आणि मास्तर अर्ध्या पगारावर राहायचा.

ही गोष्ट विलायतेपर्यंत पोचली. १८५९ मध्ये भारतमंत्री लॉर्ड स्टॅन्ली यांनी पाठवलेल्या खलित्यात स्पष्ट म्हटले, की सर्वसामान्यांच्या देशी भाषेतील शिक्षणासाठी ही अनुदान-वर्गणीची पद्धत योग्य नाही. अधिकाऱ्याने दारोदार वर्गणी मागणे त्याला शोभत नाही, आणि लोकांनाही ते आवडत नाही. त्यापेक्षा स्थानिक कर बसवावा. म्हणजे 'ऐच्छिक' वर्गणी मुळात ऐच्छिक नव्हती, हे खुद्द सरकारनेच १६० वर्षांपूर्वी मान्य केले होते.

चार आण्यांचा हिशेब

मुंबई इलाख्यात १८६३ पासून शेतसाऱ्याच्या दर रुपयावर एक आणा जादा घेतला जाऊ लागला. त्यातला तिसरा हिस्सा शाळांसाठी आणि उरलेला रस्ते वगैरे कामांसाठी. १८६९ च्या कायद्याने ही व्यवस्था पक्की झाली. लोक त्याला लोकल फंड म्हणत.

हिशेब करून पाहू. बारा रुपये सारा भरणाऱ्या कुणब्याला बारा आणे लोकल फंड पडे. त्यातले चार आणे शाळेचे. रक्कम फार मोठी नाही, पण ती प्रत्येक खातेदाराकडून, दरवर्षी, साऱ्याबरोबरच वसूल होई. तिला नाही म्हणण्याची सोय नव्हती. हा पैसा त्याच गावात खर्च होईल असेही नव्हते, कारण फंड एकेका गावाचा नसून जिल्ह्याचा होता. शाळा कुठे काढायची हे ठरवणाऱ्या कमिटीचा प्रमुख कलेक्टर होता आणि सभासद नेमलेले होते. शेकडो गावे चार-चार आणे भरत राहिली आणि त्यांच्या वेशीच्या आत शाळा आलीच नाही.

पंतोजीच्या शाळेत देणारे थोडे होते आणि त्यांना थोडा अधिकार होता. लोकल फंडाने देणारे पुष्कळ केले आणि अधिकार काढून घेतला. शाळांची संख्या त्यामुळे वाढली हे खरे आहे, आणि तो लाभ कमी लेखू नये. पण वाढलेली शाळा 'सरकारची' झाली. आमच्या आजोबांच्या पिढीपर्यंत खेड्यातली माणसे मास्तरला सरकारी माणूस समजत आणि तलाठी-फौजदाराच्या रांगेत बसवत. त्याची मुळे इथे आहेत.

जोतीरावांचे दोन मुद्दे

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी जे निवेदन दिले, ते बहुतेक वाचकांना ऐकून माहीत असते. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी, निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत, ही त्यातली सर्वांत प्रसिद्ध गोष्ट. मला त्यातले दुसरे दोन मुद्दे या विषयाशी अधिक जवळचे वाटतात.

पहिला मुद्दा पैशाचा. शिक्षणासाठी म्हणून खास कर गोळा होतो आणि तो त्या कामासाठी खर्च होत नाही, असे त्यांनी थेट सांगितले. इलाख्यातल्या सुमारे नऊ-दशांश गावांत, म्हणजे दहा लाखांच्या आसपास मुलांसाठी, शिक्षणाची काहीच सोय नाही, हा आकडाही त्यांनी पुढे ठेवला. देणारा कोण आणि मिळते कुणाला, हा हिशेब मांडणारा लोकांच्या बाजूचा हा पहिला ठळक आवाज.

दुसरा मुद्दा कारभाराचा, आणि तो आज वाचताना थोडा चमकवतो. मोठ्या शहरांतल्या म्युनिसिपालट्यांनी आपल्या हद्दीतल्या प्राथमिक शाळांचा खर्च उचलावा, पण शाळांचा कारभार पूर्णपणे त्यांच्या हाती सोपवू नये. त्यावर शिक्षण खात्याची देखरेख असावी, असे जोतीराव म्हणतात. रयतेचा कैवारी स्थानिक संस्थेच्या हाती शाळा द्यायला का कचरतो?

उत्तर त्यांच्या आयुष्यात आहे. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढणाऱ्या आणि पुढे महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा चालवणाऱ्या या माणसाने 'स्थानिक लोक' म्हणजे कोण, हे अगदी जवळून पाहिले होते. त्या काळच्या म्युनिसिपालटीत आणि कमिटीत बसणारे जमीनदार, सावकार, वकील, भटभिक्षुक यांना महारवाड्यातल्या पोराच्या शाळेची काय पडली होती? कारभार गावाकडे द्या म्हणताना गावातल्या सत्तेची उतरंड विसरू नका, हा तो इशारा आहे. त्याचबरोबर त्यांनी शिक्षक कसा हवा तेही सांगितले: शेतकरी वर्गातला, लोकांत मिसळणारा, वेळ पडल्यास नांगराची मूठ धरायला न लाजणारा. म्हणजे शाळा लोकांजवळ जावी हे त्यांना हवेच होते. फक्त ती कोणत्या लोकांजवळ जावी, याबद्दल त्यांची नजर साफ होती.

सक्ती कुणावर?

पुढचा टप्पा सक्तीच्या शिक्षणाचा. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग केला आणि १९०६ मध्ये सक्ती संपूर्ण संस्थानात लागू केली. ब्रिटिश हिंदुस्थानात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये विधेयक आणले. ते फार सौम्य होते. सक्ती करायची की नाही हे स्थानिक संस्थेने ठरवायचे, आणि तेही जिथे आधीच पुरेशी मुले शाळेत जात असतील तिथेच. खर्चाचा दोन-तृतीयांश वाटा सरकारचा, एक-तृतीयांश स्थानिक संस्थेचा. तरीही १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. करवीर पेट्यातल्या चिखली गावी ४ मार्च १९१८ रोजी या योजनेतली पहिली शाळा सुरू झाली. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड होता. आज आपण तो दंड कौतुकाने सांगतो. पण त्या काळच्या शेतमजुराच्या बाजूने पाहिले तर तो मोठा भुर्दंड होता. गुरे राखणारे पोर गेले आणि वर रुपयाही गेला. शाहूंना हे कळत नव्हते असे नाही. म्हणून त्यांनी फी काढून टाकली, आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घ्यावे असा हुकूम दिला. सक्ती पालकावर केली, तशी शाळेवरही केली, हे त्या धोरणाचे वैशिष्ट्य. नुसत्या गावाच्या मर्जीवर सोडले असते तर एकत्र बसण्याचा हुकूम किती गावांनी स्वतःहून केला असता?

ब्रिटिश मुलखातला अनुभव त्याचे उत्तर देतो. १९२३ मध्ये सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात मांडलेला ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा यांच्याबरोबर सार्वजनिक शाळाही अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असे त्यात होते. ठराव झाला, पण किती तरी गावांत मुले व्हरांड्यातच बसत राहिली. महाडच्या तळ्याबाबत काय घडले हे आपण जाणतोच. त्या तळ्याची कथा लिहिली गेली. व्हरांड्यांची मात्र फारशी लिहिली गेली नाही.

स्कूल बोर्डाचा धडा

१९१९ च्या सुधारणांनंतर शिक्षण हे खाते भारतीय मंत्र्यांकडे आले. रँग्लर र. पु. परांजपे शिक्षणमंत्री असताना १९२३ चा प्राथमिक शिक्षण कायदा झाला आणि शाळांचा कारभार जिल्हा लोकल बोर्डे व नगरपालिका यांच्या स्कूल बोर्डांकडे गेला. जोतीराव ज्याला कचरत होते ते आता घडले. निवडून आलेली मंडळी शाळा चालवू लागली. लोक बोर्डाची शाळा, बोर्डाचे मास्तर असे म्हणू लागले.

अनुभव संमिश्र होता. काही ठिकाणी बहुजन समाजातले नवे पुढारी बोर्डावर आले आणि त्यांनी दुर्लक्षित गावांत शाळा नेल्या. पण मास्तरांच्या नेमणुका आणि बदल्या हे राजकारणाचे हत्यार झाले, ही तक्रारही त्या काळी सर्वत्र होती. निवडणुकीत विरोधात गेलेल्या मास्तराला डोंगरातल्या गावी धाडणे ही शिक्षाच झाली. १९२९ च्या हार्टोग समितीने गळती आणि स्थगिती यांवर बोट ठेवले: पहिलीत भरती होते आणि मुले चौथीपर्यंत पोचत नाहीत. स्थानिक संस्थांवर एवढा भार टाकणे घाईचे झाले, असाही तिचा सूर होता. १९३८ मध्ये बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने कायदा दुरुस्त करून तपासणी आणि प्रशासनाची सूत्रे पुन्हा सरकारी अधिकाऱ्यांकडे ओढली. पुढे १९४७ चा कायदा आला.

इथे दोन्ही बाजू नीट पाहायला हव्यात. बोर्ड नालायक म्हणून सरकार चांगले, असा निष्कर्ष सोपा आहे. पण बोर्डाचे मतदार तरी कोण होते? मालमत्ता किंवा सारा यांच्या अटीवर मताचा हक्क मिळत असे. ज्याचे मूल पहिलीतून गळत होते, तो बापही बहुधा मतदार यादीत नव्हता आणि आई तर जवळपास नव्हतीच. ज्याला 'लोकांचा कारभार' म्हणून नापास केले, त्यात ते लोकच नव्हते.

वर्गणीचा दुसरा अर्थ

याच काळात सातारा जिल्ह्यात वेगळी वाट पडत होती. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहांसाठी घरोघर मूठमूठ धान्य बाजूला काढण्याची मुष्टिफंडाची पद्धत त्यांनी रुजवली. १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षक तयार करणारे विद्यालय उभे केले. १९३७-३८ नंतर, जिथे बोर्डाची शाळा पोचत नव्हती अशा गावांत 'व्हॉलंटरी' शाळांचे जाळे विणले. त्यांची संख्या पावणेसहाशेच्या घरात गेली. स्वातंत्र्यानंतर त्या सरकारी यंत्रणेकडे सोपवण्यात आल्या.

मूठभर धान्य आणि लोकल फंडाचे चार आणे यांत फरक काय? रक्कम जवळपास सारखीच भरेल. पण मूठ बाजूला काढणारी बाई ती कुणासाठी काढते हे जाणत होती. वसतिगृहात तिच्याच जातीची नव्हे, तर सगळ्या जातींची मुले एका पंक्तीत जेवतात, हेही तिला माहीत होते, आणि तरी ती मूठ काढत होती. तिथे वर्गणीबरोबर गावाची रीतही थोडी बदलत होती. माझ्या वाचनात लोकसहभागाचा इतका भरीव अर्थ दुसरीकडे क्वचित सापडतो.

दुसरे उदाहरण ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावरचे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी पाड्यावरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द आज देशभर चालतो, त्याच्या मागे हे पाड्यावरचे अंगण आहे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरत असताना शेजारी शिकणे चाले. मुले येत नाहीत म्हणजे आईबापांना आस्था नाही, हे शिक्षण खात्याचे जुने निदान त्यांनी मानले नाही. शाळेची वेळ आणि जागा बदलून पाहिली. चित्रा नाईक यांनी १९७० च्या दशकाअखेर पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत रात्रीचे अनौपचारिक वर्ग चालवले, त्यांतही वर्गाची जागा आणि वेळ गावाने ठरवायची होती. पोरांनी काय शिकले हे आईबापांना दिसावे म्हणून तिथे बालजत्रा भरत.

समित्यांचे दिवस

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि बोर्डाची शाळा झेडपीची झाली. खेडोपाडी शाळा पोचल्या, यात या यंत्रणेचा वाटा फार मोठा आहे. गावांनीही जागा दिल्या, श्रमदान केले. जुन्या इमारतींवर दात्यांच्या नावांच्या फरशा आजही दिसतात. मात्र शाळेचा कारभार तालुक्याला आणि जिल्ह्याला ठरे.

१९९० च्या दशकात वारे फिरले. ७३ वी घटनादुरुस्ती झाली. जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम औरंगाबाद, लातूर, नांदेड, उस्मानाबाद आणि परभणी या पाच जिल्ह्यांत आला, नंतर सर्व शिक्षा अभियान आले, आणि त्यांच्याबरोबर ग्रामशिक्षण समित्या. या समित्यांत सरपंच, पुढारी, प्रतिष्ठित यांची बहुसंख्या असे. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि त्याच्या कलम २१ ने शाळा व्यवस्थापन समिती आणली. हा बदल जेवढा मोठा आहे, तेवढी त्याची चर्चा झाली नाही. समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत. निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. वंचित गटांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाल्या पाहिजेत. शाळेच्या कामावर देखरेख, अनुदानाच्या खर्चावर नजर आणि शाळेचा विकास आराखडा, ही कामे तिची.

वाचकांनी मागच्या सगळ्या टप्प्यांशी हे ताडून पाहावे. पंतोजीच्या ओसरीपासून स्कूल बोर्डापर्यंत 'गाव' या शब्दाआड जे लपत होते, ते या कलमाने पहिल्यांदा उघडे केले. गावाच्या वतीने बोलायचा हक्क प्रतिष्ठितांचा नसून शाळेत मूल असलेल्या आईबापांचा आहे, असे कायद्याने म्हटले. जोतीरावांच्या इशाऱ्याला १२८ वर्षांनी मिळालेले हे उत्तर आहे.

व्यवहार मात्र जुन्या वळणावर जातो. मी ज्या शाळांची दप्तरे पाहिली, त्यांतल्या काहींत समितीचे इतिवृत्त महिनोन्महिने एकाच हस्ताक्षरात, एकाच मजकुराचे आहे. 'विषयावर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर.' खाली सह्या आणि अंगठे. काही ठिकाणी बैठकीचा दिवस मजुरीचा आणि वेळ दुपारची. रोजंदारीवर खुरपायला गेलेली आई दुपारी अडीचला शाळेत कशी येणार? तिची सही मग संध्याकाळी घरी जाऊन घेतली जाते.

उलट, एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसली. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाया बहुतेक ठिकाणी समितीतल्या कुणाहीपेक्षा शाळेला जवळून ओळखतात. कोण चार दिवस आले नाही, कुणाच्या घरी आजारपण आहे, कोण उपाशी येते, हे त्यांना ठाऊक असते. आराखडा करताना त्यांना विचारल्याची नोंद मात्र मला क्वचितच सापडली. मुद्दा समितीच्या रचनेइतकाच कान कुणाकडे द्यायचा याचाही आहे.

जे गावात नाहीत त्यांचे काय?

हा अंक वाचकांच्या हाती पडेल, त्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघालेल्या असतील. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली असते, त्यामुळे थांबणे शक्य नसते. कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या, शिक्षण हमी कार्डे आली, आणि मुलांना गावातच आजी-आजोबांकडे ठेवता यावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आली. या वसतिगृहांची जबाबदारी गावच्या शाळा व्यवस्थापन समितीवर टाकलेली आहे. मुलांची यादी करणे, दोन वेळच्या जेवणाची व्यवस्था पाहणे, हजेरी ठेवणे, ही कामे तिने करायची.

आता या समितीची परीक्षा पाहा. ज्या मुलांसाठी वसतिगृह चालवायचे, त्यांचे आईबाप दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत गावात नसतात. बैठकीला ते येऊ शकत नाहीत. वसतिगृह उशिरा सुरू झाले, अनुदान अडकले, यादीतून नाव गळले, तर विचारायला कुणी नाही. आणि वसतिगृह वेळेवर सुरू होईल याचा भरवसा नसला, की आई पोराला सोबत घेऊन जाते. मग पोरगी फडावर धाकट्याला सांभाळते, आणि शाळेच्या हजेरीपटावर तिच्या नावापुढे महिनाभर रिकामे चौकोन राहतात. हार्टोग समितीने १९२९ मध्ये जिला गळती म्हटले, ती आजही अशीच घडते.

यावर फार मोठ्या तरतुदी लागत नाहीत. टोळ्या निघण्याआधी, म्हणजे दसऱ्याच्या सुमारास, समितीची एक बैठक फक्त स्थलांतर करणाऱ्या पालकांची व्हावी, आणि ती संध्याकाळी व्हावी. वसतिगृह कोणत्या तारखेला सुरू होणार हे त्यांना तिथेच सांगितले जावे. मागे राहणाऱ्या आजीला त्या काळापुरती समितीत पालकाची जागा मिळावी. इतिवृत्तात तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत लिहावे. फोनची सोय आज प्रत्येक टोळीत आहे. महिन्यातून एकदा मुख्याध्यापकांनी फडावर फोन लावून आईबापांना मुलाची हजेरी सांगावी. काही गावांतले शिक्षक हे करतात, आणि तिथे मुले टिकतात, असे मी पाहिले आहे.

दोनशे वर्षांत गावाकडे शिधा मागून झाला, वर्गणी मागून झाली, सेस मागून झाला, श्रमदान आणि रंगाचे डबेही मागून झाले. ते सगळे मिळाले. जे द्यायचे राहिले, ते शाळेच्या बाजूने द्यायचे आहे: पटावर मूल असलेल्या, पण चावडीवर कधीच बोलावणे न आलेल्या माणसाला समितीत जागा आणि शाळेबद्दल विचारण्याचा हक्क. कायद्याने तो लिहून दिला आहे. यंदाच्या हंगामात तो किती गावांत वापरला गेला, हे चैत्रात मुले परतल्यावर शाळेच्या हजेरीपटावरूनच कळेल.